चौदा नंबरचा बिल्ला

१

गुरुवारी सकाळी नऊ वाजता रमोना वेशे पंपघराचं कुलूप काढायची, कॉफीचं यंत्र चालू करायची आणि फळ्यासमोर उभी राहायची. फळा म्हणजे साधी लाकडी पाटी आणि तिच्यावर चाळीस खिळे. पुलाच्या पोटात जो उतरेल त्याने आपल्या नंबरच्या खिळ्यावर आपला बिल्ला अडकवायचा आणि बाहेर आल्यावर स्वतःच्या हाताने काढून घ्यायचा. फळ्यावर एक जरी बिल्ला उरला, तरी पोटाचं दार लावायचं नाही. पुलावरचा हा सगळ्यात जुना नियम, आणि तो सांभाळायचा पगार रमोनाला मिळत होता.

पूल पाण्याचा आहे. पोलादाच्या रुंद पन्हळीत कालवा आहे, कालव्यातून मालाची जहाजं जातात, आणि खालून एल्ब नदी तिच्या वाटेने जाते. पन्हळीच्या भिंती पोकळ आहेत. त्यातल्या एका भिंतीच्या आत, माणूस मान वाकवून चालू शकेल एवढा बोळ या काठापासून त्या काठापर्यंत गेलेला आहे. दर गुरुवारी यंत्रदुरुस्तीवाला मिर्को त्यात उतरून सांधे तपासायचा. पन्नाशीला टेकलेला, पोट सुटलेला, आणि दर वेळी दारात अडकल्याचं नाटक करणारा.

त्या गुरुवारी मिर्कोचा लाल प्लास्टिकचा सहा नंबर खिळ्यावर होता. चौदा नंबरच्या खिळ्यावरही एक बिल्ला होता, आणि तो पितळेचा होता.

पितळेचे बिल्ले पूल बांधताना होते. पुलाचं उद्‌घाटन झालं आणि ते भंगारात गेले, त्यालाही वीस वर्षं होत आली होती. रमोनाने तो हातात घेतला. फ्रीजमधून काढल्यासारखा गार होता. तिने तो टेबलाच्या खणात टाकला, आणि मिर्को बाहेर आल्यावर त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

"काय झालं? आज अडकलो नाही म्हणून वाईट वाटलं?" मिर्को म्हणाला.

"जुने बिल्ले कुठून आणलेस?"

"कसले जुने बिल्ले?"

मिर्कोला खोटं बोलता येत नसे. बोलला की कान लाल व्हायचे. कान नेहमीसारखे होते.

२

पुढच्या गुरुवारी खण रिकामा होता आणि बिल्ला खिळ्यावर होता. रमोनाने या वेळी तो रुमालात गुंडाळून पर्समध्ये टाकला आणि घरी नेऊन स्वयंपाकघरात, पिठाच्या डब्यामागे ठेवला. आठवडाभर तो तिथेच राहिला, कारण ती रोज बघत होती. बुधवारी रात्रीही होता. गुरुवारी सकाळी नऊ वाजता तो खिळ्यावर होता.

रमोना बावळट बाई नव्हती. कुणाकडे तरी पंपघराची दुसरी किल्ली असणार, कुणाकडे तरी जुन्या बिल्ल्यांची पिशवी उरली असणार, असं तिने स्वतःला समजावलं. मग घरच्या डब्यामागचा बिल्ला कुठे गेला, या प्रश्नाशी ती थांबली. बिल्ल्याच्या कडेला राखाडी रंग लागला होता. तिने नखाने खरवडला, तर तो नखाखाली ओला आला.

आणि चौदा नंबर कुणाचा होता, ते तिला विचारावं लागत नव्हतं. तो गेरोचा नंबर होता, तिच्या नवऱ्याचा.

३

पूल बांधत होते तेव्हाही फळ्यावर रमोनाच असायची. गेरो रंगारी होता. पन्हळीच्या भिंतीतल्या बंद कप्प्यांना आतून गंजाचा रंग मारायचा, मग त्या कप्प्याच्या तोंडावर पत्रा जोडून तो कायमचा बंद करायचा, असं काम. पन्हळ काठावर जोडत आणि जोडलेला भाग नदीवर पुढे ढकलत. अशा एका ढकलण्याच्या आदल्या दिवशी, सप्टेंबर दोन हजार एकमध्ये, गेरो आणि ती सकाळीच भांडली होती. त्याला ब्रेमेनला नोकरी मिळत होती. अर्धा गाव तसाही पश्चिमेला गेलाच होता. ती म्हणाली, "तुला जायचंय तर जा, मला विचारू नकोस."

संध्याकाळी सुट्टी झाली तेव्हा फळ्यावर एकच बिल्ला उरला होता, चौदा नंबरचा. माइस्टर फोल्कमार बेथगे, म्हणजे त्या पाळीचा मुकादम, घाईत होता. दुसऱ्या दिवशी पाहुणे येणार होते.

"काढ तो. नवरा तुझा कधीच गेला. मी त्याला बसस्टॉपवर पाहिलं, हातात बॅग घेऊन उभा होता," बेथगे म्हणाला.

तेव्हा सगळेच एकमेकांचे बिल्ले काढत. माझाही घे रे, म्हणून ओरडायचं आणि पळायचं. नियमाविरुद्ध होतं आणि रोज होत होतं. रमोनाने बोळाच्या दारातून एकदा हाक मारायला हवी होती. पण हातात बॅग, हे ऐकून तिचं डोकं फिरलं होतं. तिने बिल्ला ओढून काढला आणि टेबलावर आपटला. फळा रिकामा झाला, आणि रात्रपाळीने उरलेल्या कप्प्यावर पत्रा जोडून टाकला.

गेरो परत आला नाही. पोलीस म्हणाले, मोठा माणूस आहे, जाईल कुठेही. गावाने ब्रेमेन म्हटलं, मग ब्रेमेनमधली बाई म्हटलं. सासूने मरेपर्यंत सुनेचं तोंड पाहिलं नाही, तूच घालवलास म्हणाली. बावीस वर्षं रमोना नवऱ्याच्या नावाने बोटं मोडत आली. एवढा मनापासून राग तिने दुसऱ्या कुणावरच केला नव्हता.

४

ऑक्टोबरमध्ये पुलाला वीस वर्षं पूर्ण होत होती. आधीच्या रविवारी गावच्या सभागृहात माइस्टर बेथगेंचं भाषण होतं, विषय पुलाचा इतिहास. आता ते ऐंशीच्या घरात होते, पण ताठ. गावात पुलाचा मामला निघाला की त्यांनाच बोलवायचे. रमोना त्यांच्या भाषणांना कधी गेली नव्हती. यंदा कर्मचाऱ्यांनी हजर राहायचं असा फतवा होता, म्हणून ती शेवटच्या रांगेत प्लमचा केक घेऊन बसली.

बेथगे रंगात आले होते. पुलाचं काम तीसच्या दशकात निघालं, युद्धात थांबलं, मग देशाचे दोन तुकडे झाले आणि कालवा पलीकडच्यांचा की अलीकडच्यांचा हेच ठरेना. साठ वर्षं नुसते खांब उभे.

"माझ्या आईला मागणी घालायला आलेल्या पहिल्या माणसाला ती म्हणाली, पूल झाला की लग्न करू," बेथगे म्हणाले. "बिचारा अजून वाट बघत असेल."

लोक हसले. मग बेथगे ढकलण्याच्या दिवसांवर आले.

"एका सकाळची गंमत सांगतो. सगळे पाहुणे जमलेले, पन्हळ ढकलायला सुरुवात करायची, आणि पोलाद ठोके द्यायला लागलं. ठक ठक ठक. थोडं थांबून पुन्हा ठक ठक ठक. तासभर चाललं होतं. एक साहेब घाबरून म्हणाले, माइस्टर, पूल पडतोय की काय? मी म्हटलं, साहेब, रात्री गारठलेलं पोलाद उन्हात अंग ताणतंय, त्याला ताणू द्या. ढकलायला लागलो आणि थांबलं आपोआप."

लोक पुन्हा हसले. रमोनाच्या हातातला काटा बशीत राहिला. पोलाद ठोके देतं हे तिलाही माहीत होतं, तिशी त्या पुलावर गेली होती तिची. पण ताणणारं पोलाद तीन मोजून थांबत नाही.

कॉफीच्या वेळी ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"माइस्टर, त्या सकाळी आवाज कुठून येत होता?"

"सगळीकडून. पोलादात आवाजाला ठिकाण नसतं, पोरी."

"आणि गेरो कुठल्या बसमध्ये चढला?"

बेथगेंनी तिच्याकडे नीट पाहिलं. ओठांवरचं हसू तिथेच होतं, डोळ्यांतलं गेलं.

"चढला असं मी कधीच म्हटलं नाही," ते हळू म्हणाले. "उभा होता म्हटलं. नीट आठव." आणि अर्धी कॉफी तशीच ठेवून ते दुसऱ्या टेबलाकडे गेले.

त्यांना माहीत होतं. त्या सकाळीच माहीत झालं होतं. रंगाच्या वाफेने बेशुद्ध पडलेला माणूस बंद कप्प्यात शुद्धीवर आला होता, आणि पाहुण्यांसमोर काम थांबवायला नको म्हणून या माणसाने त्याचा विनोद करून टाकला होता. गेली वीस वर्षं त्यावर टाळ्या घेत होता. रमोनाला त्याचा जीव घ्यावासा वाटला. हे तिने स्वतःशी अगदी स्पष्ट शब्दांत कबूल केलं, आणि तिला लाज वाटली नाही.

५

"बंद कप्पे उघडता येतात का रे?" सोमवारी तिने मिर्कोला विचारलं.

"येतात की. कालवा रिकामा करायचा, महिनाभर जहाजं थांबवायची, आणि बर्लिनच्या लोकांना सांगायचं की रमोनाला आत डोकवायचंय."

"आणि काही पुरावा असला तर?"

"काय आहे तुझ्याकडे?"

तिच्याकडे पितळेचा एक तुकडा होता, आणि तोही धड तिच्याकडे राहत नव्हता.

ती स्वतः बोळात उतरली. स्वतःचा दोन नंबर खिळ्याला लावला आणि मिर्कोला फळ्याजवळ बसवलं. आत पंख्याची घरघर होती. डाव्या हाताला पोलादाची भिंत आणि तिच्यामागे कालव्याचं पाणी, उजव्या हाताला बंद कप्प्यांची रांग. मधेच एक जहाज आलं. आधी पायाखाली बारीक थरथर, मग इंजिनाचा आवाज कानाजवळून गेला, मग पुन्हा पंखा. प्रत्येक कप्प्यावर चौकोनी पत्रा जोडलेला आणि खडूने लिहिलेली जुनी तारीख. गेरो गेला त्या तारखेचा कप्पा तिला नदीच्या मध्यावर सापडला.

तिने कान लावला. आत काही नव्हतं. तिने बोटांनी तीन वेळा ठोकलं आणि वाट पाहिली. उत्तर आलं नाही. तेव्हा तिला हायसं वाटलं आणि लगेच रडू आलं, कारण उत्तर यावं असं तिला वाटत होतं.

कान मागे घेताना गालाला काहीतरी चिकटलं. राखाडी रंग, ओला. तिने विजेरी पत्र्यावर धरली. पत्र्यावर हाताचा पंजा उमटला होता, आणि तो बाहेरच्या बाजूला होता. कप्प्याला टेकून कुणीतरी उठून उभं राहावं तसा. पुढच्या पत्र्यावर आणखी एक पंजा होता, त्यापुढे आणखी एक. ते दाराच्या दिशेने जात होते. ती आली होती त्याच वाटेने, आणि येताना तिला ते दिसले नव्हते.

ती भिंतीला पाठ लावून परत आली. सगळी वाट पंखा तेवढा वाजत होता. वाटेत कुणी भेटलं नाही, पण एका जागी बोळ तिला जास्त अरुंद वाटला आणि ती अंग चोरून गेली.

त्या दुपारी ती फळ्यासमोर बराच वेळ बसली. तो कप्प्यात नव्हता. तो बोळात होता आणि दारापर्यंत येत होता. त्याच्या आणि बाहेरच्या जगाच्या मध्ये हा फळा होता. दर वेळी तिने बिल्ला काढला आणि दर वेळी तो परत आला, कारण दुसऱ्याने काढलेला बिल्ला गेरोला मान्य नव्हता. एकदा काढला होता, तेवढं पुरे झालं होतं.

६

वर्धापनदिन नेमका गुरुवारी आला. वर बँड होता, भाजलेल्या सॉसेजचा वास होता, झेंडे लावलेलं जहाज चार वाजता पुलावरून जायचं होतं. अडीच वाजता मिर्को माइस्टर बेथगेंना घेऊन पंपघरात आला. त्यांना आपल्या पुलाचे सांधे एकदा बघायचे होते. रमोनाला पाहून ते क्षणभर अडखळले. पण मिर्कोसमोर मागे कसं फिरायचं? पाहुण्यांचा एकतीस नंबर त्यांनी खिळ्यावर लावला. चौदा नंबर तिथे सकाळपासून होता. बेथगेंची नजर त्यावर पडली.

"हा कुणाचा?"

"आत आहे एक जण," रमोना म्हणाली.

मिर्को हसला. त्याला वाटलं, ती पाहुण्याची फिरकी घेतेय. दोघं वाकून आत गेले.

वीस मिनिटांनी मिर्को एकटाच आला आणि आपला बिल्ला काढून खिशात टाकला. "म्हातारा म्हणतो, पाच मिनिटं मला माझ्या पुलाजवळ राहू दे. येईल मागून. मी वर दोर बघून येतो."

मग पंपघरात रमोना, कॉफीचं यंत्र आणि फळ्यावरचे दोन बिल्ले उरले. दार उघडं होतं. आतून पंख्याच्या आवाजाबरोबर बेथगेंचा आवाज आला.

"कोण आहे? मिर्को?"

मग तोच आवाज, पण त्यातला मुकादम निघून गेलेला.

"मी फक्त उभा होता म्हटलं होतं."

रमोना उठून दाराशी गेली. बोळाच्या आत, लांबवर, विजेरीचा उजेड होता आणि तो दूर जात होता. बेथगे नदीच्या दिशेने चालले होते, पाय ओढत, एक हात पुढे. कुणी बाही धरून नेलं की माणूस चालतो तसे. त्यांच्यापुढे उजेडाच्या कडेला एक वाकलेली पाठ होती, रंगाऱ्याची टोपी ओढलेली. रमोनाला ती पाठ ओळखू आली. बावीस वर्षं जी ती रागाने विसरायला बघत होती तीच ती.

एक हाक मारली असती तर बेथगे वळले असते. तेव्हा जी मारली नव्हती तीच हाक. ती घशापर्यंत आली. मग रमोनाला सासू आठवली, सभागृहातलं हसणं आठवलं, आणि तिने तोंड मिटून घेतलं.

ती मागे वळली तेव्हा फळा रिकामा होता. एकतीस नव्हता आणि चौदाही नव्हता. चाळीसही खिळे मोकळे. ती दारातून हललीसुद्धा नव्हती, आणि तिच्या अंगावरून कुणी गेलं असतं तर कळलं असतं. दंडाजवळ तिचा स्वेटर मात्र ओला लागत होता.

पावणेचारला मिर्को धापा टाकत आला. "म्हातारा निघाला का? दार लावायचंय, जहाज आलं."

त्याने फळ्याकडे पाहिलंच होतं, तरी नियम म्हणून विचारलं, "रिकामा?"

"रिकामा. मी त्यांना बसस्टॉपवर पाहिलं," रमोना म्हणाली.

मिर्कोने दार लावलं, आठ बोल्ट आवळले आणि पंखा बंद केला. पंखा थांबल्यावर पंपघर एवढं शांत झालं की वरचा बँड ऐकू यायला लागला. जहाजाचा भोंगा वाजला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या टाळ्यांखाली पोलादात कुठेतरी ठोके पडायला लागले. तीन, मग थांबून तीन.

"ताणतंय वाटतं," मिर्को म्हणाला आणि सॉसेज संपायच्या आत वर पळाला.

७

रमोनाने कपबशा धुतल्या, यंत्र बंद केलं, कुलूप लावलं. उद्या कुणीतरी बेथगेंची चौकशी करेल, परवा दार उघडतील. तोवर जे व्हायचं ते झालेलं असेल. तिला पश्चात्ताप होत नव्हता. आपल्याला तो होत नाही याचं तिला थोडं नवल वाटलं, पण ते नवलही टिकलं नाही. मोकळं वाटत होतं. बावीस वर्षांनी पहिल्यांदा नवऱ्याचं नाव मनात आलं आणि दात आवळले गेले नाहीत.

ऊन अजून होतं. गाड्यांच्या जागेवर पोरं झेंडे घेऊन पळत होती. ती गाडीत बसली, पट्टा लावला, गाडी चालू केली आणि मागे घेता घेता थांबली. फळा रिकामा होता. एकतीस नंबरचा माणूस आत होता, तरी त्याचा बिल्ला काढलेला होता. तो कुणी काढला ते ती समजून होती. पण चौदा नंबर ज्याचा त्याने स्वतःच्या हाताने काढला होता. आणि स्वतःच्या हाताने बिल्ला काढणारा माणूस आत नसतो. बाहेर असतो.

बावीस वर्षांपूर्वी बेथगेने फक्त सांगितलं होतं. बिल्ला काढणारा हात तिचा होता.

गाडीत टुंग टुंग वाजायला लागलं. शेजारच्या सीटवर कुणी बसलं आणि पट्टा लावला नाही की वाजतं तसं. समोर लाल खूण लुकलुकत होती. पर्स मागच्या सीटवर होती. शेजारची सीट रिकामी दिसत होती, फक्त तिची गादी मधोमध दबली होती, आणि दबतच होती.

रमोनाने शेजारी पाहिलं नाही. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ती समोर बघत राहिली. पळून जाता आलं असतं, दार हाताशी होतं. पण जायचं कुठे? घर त्यालाही माहीत होतं.

"पट्टा लाव, गेरो," ती शेवटी म्हणाली.

बकल लागल्याचा आवाज आला. टुंग टुंग थांबलं. तिने गाडी रस्त्यावर घेतली आणि घराकडे वळवली.